नेपच्यूनच्या दोन विहिणी

आजवर मी पुष्कळ भूमिका केल्या. मराठी मंडळाच्या गणपतीत राजा झालो, हवालदार झालो. एकदा नायिकेच्या आईला ताप आला म्हणून ऐनवेळी नऊवारी नेसून नायिकेची आईही झालो, आणि मिशी काढायला वेळ नसल्यामुळं शेवटपर्यंत पदर नाकावर धरून रडत राहिलो. लोकांना वाटलं, काय जीव ओतलाय! पण माझी सर्वांत अवघड भूमिका मी गेल्या हिवाळ्यात केली. बालीगंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये, दिवाणखान्याच्या मधोमध, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, निळी चादर पांघरून. भूमिका नेपच्यून ग्रहाची होती. संवाद एकही नव्हता. ज्यांनी मला पाच मिनिटं ऐकलं आहे त्यांना यातली शोकांतिका कळेल.

हे सगळं घडलं ते एका चंद्रामुळं. आपला चंद्र नव्हे. तो बिचारा सगळ्यांचा मामा, गच्चीवर गेलं की दिसतो. हा फार लांबचा. नेपच्यून म्हणजे सूर्याच्या कुटुंबातला सगळ्यात शेवटच्या खोलीत राहणारा ग्रह. आकारानं अवाढव्य, रंगानं निळा, स्वभावानं थंड. त्याला डझनभराहून जास्त चंद्र आहेत आणि त्यातला सगळ्यात आतला, ग्रहाला बिलगून पळणारा, तो नायाड. एवढासा, की इथं हावड्याला ठेवला तर दुसरं टोक खरगपूरपर्यंतही पोचणार नाही. गोल होण्याइतकंही वजन अंगात नाही, म्हणून आकार बटाट्यासारखा.

ही माहिती माझी नव्हे, माझ्या लेकीची. ती कॉलेजात भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या विभागात शाळेतल्या मुलांसाठी एक दिवस असतो. प्रत्येकानं आकाशातलं काहीतरी सोपं करून दाखवायचं. कुणी शनीची कडी घेतली, कुणी धूमकेतू. आमच्या कन्येनं नायाड घेतला.

"एवढे मोठे ग्रह सोडून हा बटाटा काहून घेतला, बापा?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"कारण तो हरवला होता, दिदा," लेक म्हणाली. "एक यान बाजूनं गेलं, त्याला दिसला. नंतर वीसेक वर्षं कुठल्याच दुर्बिणीत दिसला नाही. नेपच्यून इतका चकचकीत, त्याच्या शेजारी हा दिसणारच नाही. मग जुन्या फोटोंत खूप शोधलं तर मिळाला. आणि जिथं असायला हवा तिथं नव्हताच!"

"माझ्या चष्म्यासारखाच," मी म्हटलं. कुणी हसलं नाही. घरात तेव्हा हसण्याचे दिवस नव्हते.

आता जरा मागं जातो, म्हणजे पात्रपरिचय होईल.

आम्ही कोलकात्याला आलो तेव्हा लेक बालवाडीत होती. तिचं मराठी आमच्या घराच्या चार भिंतींत वाढलं आणि बंगाली बाकी सगळ्या शहरात. त्यामुळं ती "आजी, पाणी खाशील?" असं विचारते, कारण बंगालीत पाणी खातात, आणि आईच्या आईला "दिदा" म्हणते, कारण खालच्या मजल्यावरची सगळी मुलं आपापल्या आईच्या आईला दिदा म्हणतात. सासूबाईंना पहिल्यांदा वाटलं, नात आपल्याला ताई म्हणतेय. त्या दिवसभर खूश होत्या.

माझी आई वडील गेल्यावर काही महिन्यांनी आमच्याकडं आली, ती इथंच आहे. मूळची साताऱ्याची. शहात्तर वर्षांची, काटकुळी, पायांत चाकं. सासूबाई अमरावतीच्या, आईपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, अंगानं भरलेल्या, चालणं संथ. सासरे गेल्यावर त्या अमरावतीलाच एकट्या राहत होत्या. पावसाळ्यात न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. सकाळी पडल्या त्या दुपारी शेजारीण वाटी परत द्यायला आली तेव्हा सापडल्या. मनगट मोडलं होतं. माझी बायको एकुलती एक. ती त्याच संध्याकाळी निघाली आणि आईला घेऊनच परत आली.

मनगट जुळलं. चक्कर मात्र डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं अधूनमधून येणारच होती. उठताना सावकाश उठा, एकट्या राहू नका. आणि हिवाळा लागला तशा सासूबाई म्हणायला लागल्या, "बरं वाटतंय मला आता. जाते मी. लेकीच्या घरी किती दिवस राहायचं?"

बायकोनं समजावलं, रागावली, रडली, अबोला धरला. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक दिवस आमच्याच सोसायटीतल्या एका भल्या माणसाकडून मुंबईच्या गाडीचं, बडनेऱ्यापर्यंतचं तिकीट काढून आणलं. शुक्रवारचं. बायकोनं ते तिकीट पाहिलं आणि त्या दिवसापासून तिला झोप लागेना. "दुपारी सापडली होती," ती मला म्हणायची. "पुढच्या वेळी शेजारणीकडं आमची वाटी नसली तर?"

मला कारण माहीत होतं. म्हणजे माहीत आहे असं मला वाटत होतं. कारण होती माझी आई.

त्या दोघी भांडत नव्हत्या. भांडल्या असत्या तर मी निर्धास्त झालो असतो. त्या एकमेकींच्या वाटेत येत नव्हत्या, आणि ते इतक्या कौशल्यानं, की बघत राहावं. सकाळी आई स्वयंपाकघरात चहा टाकायची. आतून सासूबाईंच्या सपातांचा आवाज आला, की आई चहावर झाकण ठेवून गॅलरीत. सासूबाई येणार, चहा गाळून घेणार, उभ्याउभ्या पिणार, कप विसळून ठेवणार आणि खोलीत परत जाणार. त्यांचं दार लागलं, की आई गॅलरीतून आत. दुपारी सासूबाई दिवाणखान्यात पेपर घेऊन बसल्या, की आईला एकदम वाळत घातलेले कपडे आठवायचे. आई टीव्हीसमोर बसली, की सासूबाईंना पडावंसं वाटायचं. आमचा बोळ इतका अरुंद, की त्यातून मी आणि बादली एका वेळी जात नाही. पण त्यात या दोघी एकदाही समोरासमोर आल्या नाहीत. बोलणं झालंच तर ते असं:

"विहीणबाई, तुमचं दूध झाकलंय."

"हो का? बरं झालं हो, विहीणबाई."

खालच्या माशिमा, म्हणजे आमच्या घरमालकांच्या आई, एकदा जिन्यात मला म्हणाल्या होत्या, तुमच्याकडं दोन बेयान एकत्र राहतात, किती मज्जा! बंगालीत विहिणीला बेयान म्हणतात आणि त्यांच्याकडं म्हणे विहिणी-विहिणींची थट्टामस्करी चालते. सासूबाईंच्या कानावर तेवढंच पडलं. "बयान? कसलं बयान द्यायचंय?" त्यांनी घाबरून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, चौकशी सुरू आहे.

असो. तर तो रविवार. शुक्रवार पाच दिवसांवर. बायको पिशव्या घेऊन बाजारात गेली होती. लेकीला तिचं नायाडचं प्रकरण माणसांना चालवून बघायचं होतं. तिच्या मैत्रिणी त्या दिवशी नव्हत्या. म्हणून तिनं फर्मान काढलं, की दोघी आज्या चंद्र होतील. मी ताबडतोब नेपच्यूनच्या भूमिकेसाठी अर्ज केला. चादर मी स्वतः आणली.

"बाबा, फक्त बसायचं," लेक म्हणाली. "ग्रह बोलत नाहीत."

"एखादं स्वगत?"

"बाबा!"

मी बसलो.

मग तिनं दोघींना समजावलं. नायाडच्या जरा बाहेरून आणखी एक चंद्र फिरतो, थलासा. दोघांच्या वाटा इतक्या लगत, की आकाशाच्या मानानं एकाच बोळातून जाणं-येणं. नायाड आतला, म्हणून वेगवान. सारखा मागून येतो आणि थलासाला ओलांडून जातो. एव्हाना टक्कर व्हायला हवी होती. पण होत नाही, कारण नायाडची वाट तिरकी आहे. ओलांडताना तो कधी वरून जातो, कधी खालून. दोनदा वरून, दोनदा खालून, पुन्हा दोनदा वरून. न चुकता.

हे ऐकताना मी चादरीच्या आत हळूच दोघींकडं बघितलं. आई जमिनीकडं बघत होती. सासूबाई पंख्याकडं.

आई झाली नायाड. तिच्या हातात बटाटा दिला. ओलांडताना तो दोनदा डोक्यावर धरायचा, दोनदा गुडघ्यापाशी. सासूबाई थलासा. त्यांच्या हातात कांदा. त्यांनी खुर्च्यांच्या पाठींना हात लावत बाहेरून सावकाश चालायचं.

"आणि महत्त्वाचं," लेक म्हणाली, "दोघी जवळ आलात ना, की प्रत्येक वेळी एकमेकींना टाळी द्यायची. विसरायचं नाही. सगळं त्याच्यावरच आहे. टाळी!"

दोघी थबकल्या. मीही थबकलो, पण मी ग्रह होतो. लेकीच्या या प्रयोगात टाळी कुठून आली मला समजेना. शाळेतल्या मुलांना मजा वाटावी म्हणून घातली असेल, असं मी धरून चाललो. आणि दोघी आज्या नातीच्या शब्दाबाहेर जाणाऱ्या नव्हत्या.

फेरी सुरू झाली. आई तुरुतुरु निघाली, सासूबाई रथासारख्या. अर्ध्या फेरीत आईनं त्यांना गाठलं, बटाटा डोक्यावर धरला आणि मोकळा हात पुढं केला. सासूबाईंनी कांदा डाव्या हातात घेतला. तळव्याला तळवा लागला. लग्नात आपण नको असलेल्या माणसाच्या हातावर अत्तर लावतो, तेवढाच.

"टाळी नीट, दिदा! लहान मुलांना दिसायला पाहिजे!"

दुसऱ्या वेळी जरा आवाज झाला. तिसऱ्या वेळी खालून जायचं होतं. आई वाकली आणि तिच्या तोंडून "आई गं" निघालं.

"वाकू नका हो एवढ्या," सासूबाई म्हणाल्या. "कंबर आहे ती."

टाळी.

आई पुढं गेली. माझ्याभोवती चक्कर मारून परत मागून आली.

"तुम्ही तुमची चक्कर सांभाळा. वाटलं तर धरा माझा हात."

टाळी.

पुन्हा चक्कर. या वेळी आईनं गाठलं तेव्हा सासूबाई समोर बघतच म्हणाल्या, "हात धरायला तुम्ही थांबता कुठं? मी आले, की उठताच."

टाळी. ही टाळी चुकली. बोटांना बोटं लागली.

मला चादरीत घाम फुटला. इतके महिने मी ज्या गोष्टीवर बायकोजवळ कुजबुजत आलो, ती गोष्ट भर दिवाणखान्यात बोलली गेली होती आणि मला साधं "अरे वा" म्हणायचीही सोय नव्हती. आई माझ्या गुडघ्यांना घासून गेली. तिनं बटाटा दोन्ही हातांत घट्ट धरला होता. वर, खाली, काही नाही. लेक "आजी, वर! वर!" करत होती. आईला ऐकू येत नव्हतं.

ती सासूबाईंजवळ पोचली.

"मी उठते ते तुमच्यासाठी," ती म्हणाली. "तुम्हाला मोकळेपणानं घेता यावं म्हणून."

"काय घेता यावं?"

पण तोवर आई पुढं गेली होती. चंद्र थांबत नाहीत. उत्तराला पूर्ण एक फेरी लागली. जगातल्या सगळ्या कुटुंबांत भांडणाचा हा नियम लावायला हवा. प्रत्येक वाक्यानंतर एक फेरी.

"चहा," आई परत आल्यावर म्हणाली. "चहा, साखर, बिस्कीट. काय हवं ते. माझ्या डोळ्यांदेखत घ्यायला लागू नये."

"काहून?"

या वेळी आई थांबली.

"आजी, ऑर्बिट! थांबायचं नसतं!"

"थांब गं जरा," आई म्हणाली, आणि नायाड, जो कुणासाठी कधी थांबला नाही, तो आमच्या शोकेसपाशी थांबला. सासूबाईही थांबल्या. कांदा आणि बटाटा एका फुटावर.

"आमचे हे गेले, तेव्हा मी तीन महिने भावाकडं राहिले," आई म्हणाली. मला हे माहीत होतं. पण एवढंच माहीत होतं. "वहिनी चांगली होती हो. एका शब्दानं कधी बोलली नाही. पण मी चहा करायला गेले, की दारात येऊन उभी राहायची. मी साखरेचा डबा उघडला, की नुसती बघायची. तीन महिने मी बिनसाखरेचा चहा प्यायले. तेव्हाच ठरवलं होतं, की माझ्या घरी कुणी आलं तर मी अशी उभी राहणार नाही. तुम्ही आलात, की मी आपली बाहेर होते."

 सासूबाईंनी कांद्याचं एक सालपट नखानं काढलं.

"आणि मला वाटलं," त्या शेवटी म्हणाल्या, "मी आलेली तुम्हाला खपत नाही."

"अहो, काहीतरीच!"

"रोज सकाळी मी यायची, तुम्ही निघून जायच्या. चहावर झाकण. तिथं अमरावतीला मी एकटी चहा पिते. इथं तुम्ही सगळे असून एकटीच पिते. मग मी म्हटलं, तिथं काय वाईट? तिथं निदान कुणाला माझ्यामुळं गॅलरीत थंडीत उभं राहावं लागत नाही."

"मला थंडी वाजत नाही," आई म्हणाली, आणि तिचा आवाज असा झाला, की लेकसुद्धा 'ऑर्बिट' म्हणायची विसरली.

मग आईनं पाऊल उचललं, सासूबाईंनीही त्याच क्षणी उचललं, आणि इतक्या महिन्यांत बोळात झाली नव्हती ती टक्कर शोकेससमोर झाली. बटाटा सुटला आणि सोफ्याखाली गेला. सासूबाई डगमगल्या. आईनं त्यांना दोन्ही दंडांना धरलं आणि सोफ्यावर बसवलं. स्वतःही शेजारी बसली. दोघी हसत होत्या की काय, नीट कळत नव्हतं. डोळे दोघी पुसत होत्या.

"सगळा डेमो बिघडला!" लेक म्हणाली. "मी किती वेळा सांगितलं टाळी द्या, टाळी द्या, आणि तुम्ही धडकलात!"

"दिली की गं टाळी," सासूबाई म्हणाल्या. "दर वेळी दिली."

"कुठं दिली? दर वेळी हात लावत होतात! मला वाटलं, हळूहळू कळेल. टाळी म्हणजे लांबून जायचं, हात नाही लावायचा. अव्हॉइड!"

दोघींनी आपापले तळवे पाहिले.

"बोलण्याचं बोली होतं ना?" लेक आता जरा खालच्या आवाजात म्हणाली. "मग टाळण्याचं टाळी नाही होत?"

आधी आई हसली. मग सासूबाई. आई हसताना पुढं वाकते. सासूबाई मागं रेलतात. त्यामुळं सोफ्यावर एक वर, एक खाली असं काही वेळ चाललं. लेकीच्या लक्षात आलं नाही, ती रुसली होती. मी चादरीच्या आत गदागदा हलत होतो. त्या वेळी जर कुणी दुर्बीण लावली असती तर नेपच्यूनवर भूकंप नोंदवला गेला असता.

एवढ्यात बायको आली. दोन्ही हातांत पिशव्या, फुलकोबीचे दांडे बाहेर आलेले. तिनं बघितलं, आई आणि सासू एका सोफ्यावर चिकटून बसून रडताहेत, मुलगी भिंतीकडं तोंड करून उभी, नवरा निळ्या चादरीत.

"काय झालं?" तिनं पिशव्या तिथंच ठेवल्या. "आई, पडलीस का? कुणीतरी सांगा! अरे, तू तरी बोल ना!"

मी लेकीकडं पाहिलं. तिनं हातानंच परवानगी दिली. पण खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला कुठून सुरुवात करावी ते सुचेना.

आता तुम्हाला वाटेल, झालं. मलाही वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सपाता वाजल्या आणि गॅलरीचं दार वाजलं नाही. मी अंथरुणात उठून बसलो. आतून दोन कपांचा आवाज येत होता. पण सासूबाईंची बॅग त्यांच्या पलंगाखाली तशीच भरलेली, आणि तिकिटाबद्दल त्या चकार शब्द काढेनात. मंगळवारी बायकोनं विषय काढला, तर त्या म्हणाल्या, "विहीणबाईंचं मन कळलं, फार बरं वाटलं. पण लेकीचं घर ते लेकीचं घर. माझी आई माझ्याकडं कधी दोन रात्रींवर राहिली नाही. मी कशी राहू?"

बायकोचा चेहरा पुन्हा मिटला. मी युक्त्या लढवू लागलो. गाडी चुकवायची, बॅग लपवायची, मी आजारी पडायचं, यात तर माझा हातखंडा आहे. बायको म्हणाली, "कृपा करून काही करू नकोस."

बुधवारी संध्याकाळी आई आणि सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. लेक त्यांच्याजवळ जमिनीवर बसून तिचं भाषण पाठ करत होती, आणि मी फ्रिजच्या आडोशाला उभा राहून सोललेले मटार चोरत होतो.

"पण हे असं कायम चालणार का गं?" आईनं लेकीला विचारलं. "तो वरून-खालून?"

"नाही, आजी. नायाड हळूहळू आत येतोय. खूप, खूप वर्षांनी तो इतका जवळ जाईल, की तुटेल. मग त्याचं नेपच्यूनभोवती कडं होईल."

"म्हणजे पडत नाही ना?"

"एकदम नाही पडत. कडं होतं."

"बरं आहे मग," आई म्हणाली. मग शेंग मोडता मोडता तिनं सासूबाईंना विचारलं, "विहीणबाई, तुम्ही सारखं लेकीचं घर, लेकीचं घर म्हणता. हे लेकीचं घर कुणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हणजे?"

"मी सगळ्यांत मोठी. मी इथं तुमच्या आधीपासून आहे. मुलगा माझा. हे माझं घर आहे. तुम्ही लेकीकडं राहतच नाही. तुम्ही माझ्याकडं राहता. विहिणीकडं."

सासूबाईंचे हात थांबले.

"विहिणीकडं राहिलेलं चालतं?"

"चालत नाही असं तुमच्या आईनं कधी सांगितलं होतं?"

"नाही," सासूबाई विचार करून म्हणाल्या. "विहिणीबद्दल ती काही बोलली नव्हती."

"झालं तर. मी घरात असताना तुम्ही परस्पर तिकीट काढलंत, मला विचारलंसुद्धा नाहीत. मी बोलले नाही. पण मला आवडलेलं नाही."

आता एक गोष्ट सांगायला हवी. हा फ्लॅट माझ्या बायकोच्या कंपनीनं भाड्यानं घेऊन बायकोला दिलेला आहे. दारावरच्या पाटीवर तिचं नाव वर आहे. या शहरात कुठल्याही मोजमापानं जर एखादं घर लेकीचं असेल, तर ते हेच. हे आईला माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं, माझ्या लेकीला माहीत होतं. तिनं तोंड उघडलं. मी तिच्या तोंडात चार मटार कोंबले.

 सासूबाईंनी ताटलीतले दाणे हातानं सारखे केले. मग मला हाक मारली, "जावईबापू, फ्रिजमागून बाहेर या. ते तिकीट तुम्हाला रद्द करता येतं का?"

"येतं," मी म्हटलं.

"मग करून टाका. विहीणबाईंना विचारायचं राहून गेलं होतं माझ्याकडून."

बायको आत देवाजवळ दिवा लावत होती. मी जाऊन तिला सांगितलं. तिनं काडी विझवली, पण दिवा लावायच्या आधीच. मग दुसरी ओढली. "पुन्हा सांग," ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं, या वेळी दोघींचे आवाज काढून. तिनं तिसऱ्यांदा सांगायला लावलं. इतका चांगला प्रेक्षक मला आजवर मिळालेला नाही.

तरीही शुक्रवारी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मी त्या दिवशी घरूनच काम करत होतो. गाडीची वेळ जवळ आली तसे तिचे ऑफिसातून फोन सुरू झाले. बॅग कुठं आहे? माळ्यावर, मी म्हटलं. आई कुठं आहे? घरात. नक्की? मग गाडी सुटायची वेळ होऊन गेली आणि शेवटचा फोन आला.

"काय करतेय ती?"

मी फोन धरून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. आतून माझी आई म्हणत होती, की आमटीत गूळ घातला नाही तर ती आमटीच नव्हे. सासूबाई म्हणत होत्या, की गूळ घातल्यावर ती आमटी नव्हे, तो खजूरगुळाचा पायेश, म्हणजे बंगाली खीर, आणि तो खायचाच असेल तर माशिमांकडं जाऊन खावा. आई म्हणाली, "माझ्या घरात माझ्या पद्धतीनं होईल." सासूबाई म्हणाल्या, "मग मी काहून इथं राहिले, बापा? उपाशी मरायला?" एक डाव भांड्यावर आपटला. बहुधा दोन्ही बाजूंनी.

"भांडतायत," मी फोनवर म्हटलं. "जोरदार. मध्ये पडू का?"

 पलीकडं तिनं श्वास सोडला. इतका लांब, की मला वाटलं, लाइन गेली.

"नको," ती म्हणाली. "भांडू दे."